दांडपट्टा : बांधलेले मनगट आणि मोकळे पाय

ऐतिहासिक शस्त्रांच्या प्रदर्शनात पहिला प्रश्न बहुधा वजनाचा असतो. शस्त्र जितके जड, तितका पूर्वज बलवान, असा हिशेब मनात पक्का असतो. प्रत्यक्षात लढाईतली तलवार साधारण 1 किलोच्या आगेमागे भरते. पूर्वजांचे खरे कसब कशात होते, हे समजून घ्यायला दांडपट्ट्याची घडण पाहावी.

पट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचिक असते. मूठ मात्र कट्यारीसारखी आडवी. तिच्यावर खोबळा, म्हणजे कोपराकडे जाणारे धातूचे आवरण, आणि आत हाताभोवती पट्टी. हात आत गेला की मनगट बांधले जाते आणि पाते हाताच्याच रेषेत येते.

खोबळ्याने हात झाकला जातो, हे दिसतेच. त्याचे दुसरे काम यंत्रशास्त्रातले आहे. तलवारीच्या टोकाकडे आघात झाला की लांब पाते तरफेसारखे वागते आणि सारा पीळ मनगटावर येतो. पट्ट्यात तो मूठ आणि पट्टी अशा दोन जागी वाटला जातो. त्यामुळे लांब पाते एका हाताने पेलता येते आणि शस्त्र हातातून सहजी उडवता येत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. मनगटाचा झटका जातो, ऐनवेळी वाराची दिशा बदलणे अवघड होते. शिवाय फिरणारे वजन आसापासून दुप्पट अंतरावर गेले, तर ते तितक्याच झपाट्याने फिरवायला किंवा थांबवायला चौपट पीळ लागतो. प्रत्येक वारानंतर पाते थांबवणारा लवकर थकेल. म्हणूनच पट्ट्याचे हात वर्तुळात, एकात एक गुंफलेले असतात. प्रेक्षकांना त्यात शोभा दिसते. लढणाऱ्यासाठी ती दम राखण्याची युक्ती होती.

मनगटाची उणीव भरून काढतात पाय. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, खांदा फिरतो आणि वेग पात्याच्या टोकाशी पोहोचतो. वस्ताद आधी पवित्रा घोटून घेतात, ते यासाठीच.

या वेगाचे मोल साध्या आकडेमोडीतून कळते. 2 किलोची वस्तू सेकंदाला 10 मीटर वेगाने आली, तर तिची ऊर्जा 100 ज्यूल. 1 किलोची वस्तू 20 मीटर वेगाने आली, तर 200 ज्यूल. वजन निम्मे, ऊर्जा दुप्पट! मर्दानी खेळात पट्ट्याने लिंबू कापतात, तेव्हाही परीक्षा होते ती वेगाची आणि ताब्याची.

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पाते काचेमागे शतकानुशतके टिकेल. पवित्रा मात्र वस्तादाकडून शिष्याकडे गेला तरच टिकतो. संग्रहालयात पात्याची लांबी-रुंदी नोंदवली जाते. ते चालवणारी पावले कुठे, किती आणि कशी पडतात, याचीही नोंद जाणते वस्ताद आहेत तोवर व्हायला हवी.