वीजदर ठरवणाऱ्यांची निवड

१९४८च्या वीजपुरवठा कायद्यानुसार राज्य विद्युत मंडळांचे सदस्य राज्य सरकार नेमत असे. १९६० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही त्याला अपवाद नव्हते. वीज विकणारे मंडळ, दर ठरवणारेही मंडळच. दरवाढ करायची की लांबवायची, याचा कौल मात्र मंत्रालयातून येई. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी होई आणि सवलतीचा भार उद्योगांच्या बिलांवर पडे. १९९३ मध्ये दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी वीजखरेदी करार झाला, तेव्हा त्यातील दरांवर जाहीर सुनावणी घेणारा स्वतंत्र नियामक राज्यात नव्हता.

ओडिशाने १९९५ मध्ये स्वतःचा कायदा करून देशातला पहिला राज्य वीज नियामक आयोग नेमला. केंद्राचा कायदा १९९८ मध्ये आला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची स्थापना झाली. दरवाढीचा प्रस्ताव आता जनतेपुढे मांडावा लागू लागला. गळती किती, वीज कितीला घेतली, थकबाकी कोणाकडे, असे प्रश्न ग्राहक संघटना जनसुनावणीत विचारू लागल्या.

निवडीची सध्याची रीत २००३च्या विद्युत कायद्यात आहे. आयोगात अध्यक्षासह जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. निवड समितीचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींकडे असते. राज्याचे मुख्य सचिव, तसेच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष हे अन्य सदस्य असतात. प्रत्येक जागेसाठी समिती दोन नावे सुचवते. त्यांतून एक सरकार निवडते. मुदत पाच वर्षांची असते, वयोमर्यादा ६५ असते आणि त्याच पदावर फेरनेमणूक होत नाही. मुदतवाढीसाठी सरकारची मर्जी सांभाळावी लागू नये, हा त्यामागचा हेतू.

हा हेतू महत्त्वाचा ठरतो, कारण आयोगापुढे दरवाढ मागणारी महावितरण सरकारचीच कंपनी आहे. एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची तर सरकारने अनुदान आगाऊ भरावे, असे कायदा सांगतो. ते बजावायचे आयोगाने. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात अध्यक्ष न्यायाधीशच हवा ही सक्ती नाकारली, पण किमान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला असणे बंधनकारक केले. निवड समिती नेमण्याचा आणि अंतिम नाव ठरवण्याचा अधिकार मात्र राज्य सरकारकडेच राहिला.