देरा म्हणजे चराऊ रान

पॉडकास्टच्या भागात एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे लिहितेय. दुबईत देऱ्यात राहत असाल तर मेट्रोचं ‘बनियास स्क्वेअर’ स्टेशन तुमच्या रोजच्या वाटेवर असेल. बनी यास हे इथल्या टोळ्यांच्या एका संघाचं नाव. दुबईचे राज्यकर्ते त्यातलेच, १८३३ मध्ये अबूधाबीहून खाडीकाठी आलेले. आणि ‘देरा’? अरबीत याच अक्षरांनी लिहिलेला शब्द बदू लोक टोळीच्या चराऊ मुलखासाठी वापरतात. त्याला कुंपण नसतं. पाऊस पडेल तिकडे उंट जातात. विहीर कोणाची, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

तेलाचा शोध सुरू झाला आणि सरकारांना नकाशावर रेघ हवी झाली. १९४९ मध्ये सौदी अरेबियानं बुरैमी ओअ‍ॅसिसच्या आसपासच्या मोठ्या प्रदेशावर दावा केला. १९५२ मध्ये त्यांचा अमीर तिथल्या हमासा गावात येऊन बसला. समोर ब्रिटन, अबूधाबी आणि मस्कतच्या वतीनं. ३० जुलै १९५४ ला लवाद नेमायचं ठरलं. लवादानं टोळ्यांची राहणी आणि पूर्वापार निष्ठाही पाहायची होती. पण निष्ठा मोजायची कशी? सौदींनी जकातीच्या नोंदी पुढे केल्या. (हो, आपल्या जकात नाक्यातला शब्द तोच.) माझ्या मते गफलत इथेच झाली. जकात देणारा बदू शेखचं संरक्षण मान्य करत होता, जमीन लिहून देत नव्हता. उद्या तो दुसऱ्या शेखकडेही गेला असता. सरकारांनी मात्र त्याच्या उंटांवरून मालकी ठरवायला घेतली.

सप्टेंबर १९५५ मध्ये जिनिव्हात लाचलुचपतीचे आरोप झाले, ब्रिटिश सदस्यानं राजीनामा दिला, लवाद मोडला. २६ ऑक्टोबरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेनं सौदींना हुसकावलं.

१९५४ मध्येच, २९ एप्रिलला, भारत आणि चीननं तिबेटबद्दल करार केला. सीमेवरच्या लोकांना किरकोळ व्यापाराला, नातेवाइकांकडे जायला पासपोर्ट लागणार नव्हता. ल्हासाची सही त्यावर नव्हती. मुदत आठ वर्षांची. १९६२ मध्ये ती संपली, त्याच वर्षी युद्ध झालं.

इकडे दुबईतल्या ब्रिटिश कचेरीतले ज्युलियन वॉकर टोळ्यांना विचारत वाळवंटात फिरत होते: तुम्ही कोणत्या शेखचे? आजच्या अमिरातींच्या सीमा बऱ्याचशा त्या उत्तरांवर उभ्या आहेत. फुजैराकडे गेलात तर मदहा पाहा. चारी बाजूंनी अमिराती असलेला हा ओमानचा तुकडा, आणि त्याच्या पोटात नहवा, शारजाहचं. वाटेत चौकी नाही.