‘केळवे’मधला ळ

केळवे हे नाव इंग्रजीत लिहून बघा. ळ गायब, त्याजागी एल. एका अक्षराने काय बिघडतं?

ऋग्वेदात दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘ळ’ होतो. पुढच्या अभिजात संस्कृतात हा ळ राहिला नाही. मराठीतला ळ बहुतेक वेगळ्या वाटेने आला. प्राकृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल, तर मराठीत ळ झाला. जोड ‘ल्ल’ असेल, तर ल टिकला. म्हणून ‘फल’चं फळ, पण ‘फुल्ल’चं फूल.

नियम तपासायचाय? काळ (वेळ) हा ‘काल’वरून आला. काल (आदला दिवस) हा ‘कल्य’, प्राकृत ‘कल्ल’ यावरून. नियम दोन्हीकडे बसतो.

केळव्याच्या देवीला कुणी शितलादेवी म्हणतं, कुणी शितळादेवी. पहिलं रूप थेट संस्कृतातून घेतलेलं, म्हणून नियमाबाहेर. दुसऱ्यात ळ आलाच.

आता तुमच्या कामाचं. मुलाखती रोमन लिपीत टाइप केल्या, तर काळ आणि काल यांचं स्पेलिंग एकच होतं. मूळ माहिती तिथेच पुसली जाते, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ती खात्रीने परत आणू शकत नाही. युनिकोडमध्ये ळ ला स्वतःचा क्रमांक आहे, 0933. तेव्हा पहिली नोंद देवनागरीतच करा.