अठरा हजारांतली एक ट्यूब

शॉर्ट सर्किटनंतर जळालेला भाग कधी वासावरून सापडतो, कधी काळ्या डागावरून. खरी पंचाईत होते ती वरून धडधाकट दिसणाऱ्या भागाची. संगणकाच्या जन्मापासून हा प्रश्न आहे.

फिलाडेल्फियाला १९४५ साली तयार झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूबच्या आत तापणारी तार आणि कॅथोड यांच्यात जेमतेम अंतर असतं. मशीन चालू-बंद करताना तार प्रसरण पावायची, आकसायची. मग ती तुटायची, नाहीतर कॅथोडशी शॉर्ट व्हायची. म्हणून मशीन शक्यतो बंदच करत नसत. तरी साधारण दोन दिवसांनी एक ट्यूब जायची. आणि प्रत्येक वेळी मशीन थांबेलच असं नव्हतं, कधी ते बिनदिक्कत चुकीचं उत्तर द्यायचं.

ती एक ट्यूब शोधायची कशी?

एनिॲकचं प्रोग्रामिंग सहा तरुणींकडे होतं. सुरुवातीला त्यांना मशीनच्या खोलीत प्रवेशही नव्हता. त्या आकृत्यांवरून मशीन शिकल्या. त्यांतल्या मार्लिन वेस्कॉफ आणि रूथ लिक्टरमन यांनी तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित, एनिॲक ज्या क्रमाने करेल अगदी त्याच क्रमाने, हाताने सोडवून ठेवलं. मशीन एकेक पायरी चालवायचं, पॅनेलवरचे निऑन दिवे वाचायचे, कागदाशी ताडून पाहायचं. आकडा पहिल्यांदा जिथे चुकला, तिथे शोध सुरू. अशा तयारीमुळे आपण जवळजवळ नेमक्या ट्यूबपर्यंत पोचायचो, असं बेटी जेनिंग्ज यांनी पुढे सांगितलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘प्रॉब्लेम हार्डवेअरचा आहे, आमचा नाही’ हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. या सहाजणींना ते म्हणायची सोयच नव्हती. मशीन काय करतंय हे दिवे सांगायचे. त्याने काय करायला हवं होतं, हे त्यांच्या कागदावर होतं. आजही मदरबोर्डवर मल्टिमीटर लावणारा कारागीर असाच पुढे जातो. कुठे किती व्होल्ट हवेत हे माहीत नसेल, तर मीटरवरचा आकडा नुसता आकडाच.

फेब्रुवारी १९४६मध्ये एनिॲक जगापुढे आला. त्या रात्रीच्या मेजवानीला या सहाजणींना बोलावणं नव्हतं. १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोंतल्या बायका कोण, असं विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं: मॉडेल असतील.

मशीनमधली चूक शोधणाऱ्यांची नावं शोधायला चाळीस वर्षं लागली.