आम्ही म्हणतो

आमच्या छापखान्यात अग्रलेख रात्री सगळ्यात शेवटी यायचा. पहिलं पान बांधून झालेलं असायचं, बाजारभाव, पंचांग, सिनेमाच्या जाहिराती फर्म्यात बसलेल्या असायच्या, आणि आतल्या पानावर डावीकडचे दोन रकाने तेवढे मोकळे असायचे. वरच्या खोलीत संपादक लिहीत बसलेले. टेलिप्रिंटरच्या पाठकोऱ्या कागदावर हिरव्या शाईनं लिहिलेलं एकेक पान पोऱ्या खाली आणून द्यायचा. माझे वडील तिथे जुळारी होते. मोठी बातमी असली की तिचे तुकडे करून ते तिघांत वाटायचे, पण अग्रलेखाचं पान त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. तो एकाच हातानं जुळवायचा, असा त्यांचा नियम होता. मी १९७३ साली त्याच दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागले, तेव्हा या नियमाचं कारण त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बातमी दहाजणांची असते. हा एकाचा आवाज असतो."

त्या एकाचं नाव मात्र कुठेच छापलेलं नसायचं. मला हा शब्द कळायला इथूनच सुरुवात झाली.

इंग्रजी पत्रांतल्या 'लीडर'ला, 'लीडिंग आर्टिकल'ला मराठीनं अग्रलेख हा शब्द दिला. अग्र म्हणजे टोक, पुढचा भाग. सुईचं अग्र, अग्रक्रम, आणि राजसूय यज्ञात जिच्यावरून शिशुपाल उठला ती अग्रपूजा. नुसत्या अर्थानं पाहिलं तर अग्रलेख म्हणजे पुढे असलेला लेख. आता तो पहिल्या पानावर नसतो, तरी नाव राहिलं. हिंदीचा 'संपादकीय' मराठीतही रुळला, पण आम्ही कामगार मंडळी तो शब्द पानासाठी वापरायचो. संपादकीय पान हे अख्खं घर, आणि अग्रलेख ही त्यातली देवाची खोली. त्याच्याखाली स्फुट. स्फुट म्हणजे लहानसं टिपण, एखाद्या प्रसंगावर दहा-पंधरा ओळी. आज कुणाचाही नावानिशी छापलेला लेख दाखवून लोक "काय अग्रलेख लिहिलाय" म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. खाली सही असली की तो लेख. सही नसली, आणि वर्तमानपत्र स्वतःला 'आम्ही' म्हणत असलं, तरच तो अग्रलेख.

हा 'आम्ही' सोपा नव्हता. ४ जानेवारी १८८१ ला केसरी निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर होते. मराठा हे इंग्रजी पत्र टिळकांकडे होतं. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापल्याबद्दल पुढच्याच वर्षी दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. तुरुंगात जाताना 'आम्ही' एक होता. पण बालविवाह, विधवांचे हाल या विषयांवर आगरकरांना जे म्हणायचं होतं, ते चालकमंडळींतल्या इतरांना केसरीचं मत म्हणून चालेना. शेवटी १८८७ साली त्यांनी संपादकपद सोडलं आणि वर्षभरात सुधारक काढला. मला आगरकर आवडतात ते इथे. मत आवडलं नाही म्हणून कुणी लेख नाकारणं वेगळं, आणि ज्या 'आम्ही'त आपण मावत नाही तो वापरायचाच नाही, असं ठरवून नवं पत्र काढणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला फार जोर लागतो.

टिळकांच्या केसरीत या निनावीपणाची किंमत उघड मोजावी लागली. "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" हा ६ जुलै १८९७ चा अग्रलेख शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. १८९७ सालचा खटला मात्र त्यावर झाला नाही. तो जूनमधल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर झाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. अग्रलेखांवरचा मोठा खटला १९०८ चा. १२ मेचा "देशाचे दुर्दैव" आणि ९ जूनचा "हे उपाय टिकाऊ नाहीत" हे त्यातले मुख्य लेख. केसरीत तेव्हा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांसारखी जबरदस्त लेखणीची माणसं काम करत होती, लेखांवर कुणाचीच सही नव्हती. कोर्टात उभे राहिले एकटे टिळक. हे मी लिहिलं, ते त्यानं लिहिलं, अशी वाटणी त्यांनी केली नाही. स्वतःच स्वतःचा बचाव करताना ते दिवसामागून दिवस बोलत राहिले, आणि त्यातला मोठा भाग भाषांतराबद्दल होता. मूळ मराठी शब्दाला सरकारी भाषांतरात जो इंग्रजी शब्द दिला आहे तो कसा जास्त जहाल आहे, हे ते ज्यूरीला शब्दाशब्दानं दाखवत होते. मी प्रूफं वाचून आयुष्य काढलं, त्यामुळे मला त्या खटल्यातलं हेच दृश्य जवळचं वाटतं. एका शब्दाच्या छटेसाठी माणूस कोर्टात भांडतो आहे, आणि समोरच्या नऊ जणांतल्या सातांना ती भाषाच येत नाही. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला. २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि प्रत्यक्षात त्यांना मंडालेला ठेवलं.

निनावी 'आम्ही'चं दुसरं रूप ३१ जानेवारी १९२० ला दिसतं. त्या दिवशी मूकनायक निघाला. संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. डॉ. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांचं नाव पुढे आलं नाही. 'मनोगत' हा पहिला अग्रलेख त्यांचाच. अग्रलेखाला सही नसते, या रिवाजाचा इथे आडोसा झाला. पुढे १९२७ मध्ये बहिष्कृत भारत काढलं, तेव्हा संपादक ते स्वतः होते, आणि अंक भरायला दुसरं माणूस नाही म्हणून रकानेच्या रकाने एकट्यानं लिहीत होते.

आणि तानुबाई बिर्जे. दीनबंधु हे सत्यशोधकांचं पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलं. पुढे ते वासुदेवराव बिर्जे यांच्याकडे आलं, आणि १९०६ साली ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं, तानुबाईंनी, ते चालवलं. त्यांचं नाव मी छापखान्यात कधी ऐकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वाचलं, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. कारण एक गोष्ट मला माझ्या अनुभवानं माहीत होती. मराठीत बाई 'मी म्हणते' असं म्हणते, पुरुष 'मी म्हणतो'. तोंड उघडलं की कोण बोलतं ते क्रियापद सांगून टाकतं. 'आम्ही म्हणतो' मात्र दोघांचंही सारखंच. अग्रलेखाच्या 'आम्ही'त बाई बसली तर क्रियापद चुगली करत नाही.

आणीबाणीबद्दल एवढंच. २८ जून १९७५ ला इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्यानंतर जागा कोरी ठेवायलाही मनाई झाली, थोरांची वचनं छापून ती भरायलाही. आमचे संपादक त्या काळात विहिरींचा गाळ, ज्वारीचं बियाणं, एसटीचं वेळापत्रक यांवर लिहीत. वडील ते तसंच एका हातानं जुळवत. एकदा गॅली ओढताना मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. शिशाचा वास डोळ्यांना लागतो, असं ते म्हणाले.

१९७९ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात नळाला पहाटे साडेतीनला पाणी यायचं. बाया आणि पोरी दोन वाजल्यापासून हंडे लावून बसायच्या. माझी धाकटी बहीण त्या रांगेतून आली की शाळेत पेंगायची. मी हे संपादकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मला काय सांगतेस, लिही. स्फुट लिही." मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. रांगेतल्या मुलींची नावं नाही, पण त्यांच्या इयत्ता लिहिल्या. त्यांनी वाचलं, दोन शब्द बदलले, 'मी'च्या जागी तीन ठिकाणी 'आम्ही' केलं, आणि त्या दिवसाचा स्वतःचा मजकूर खालच्या जागेवर सरकवून माझा वर घेतला.

कागद खाली आला तेव्हा वडिलांनी अक्षर ओळखलं. काही बोलले नाहीत. बसून जुळवलं, गॅली ओढली. प्रूफ मी हातात घ्यायला गेले, तर त्यांनी ते दुसऱ्या मुद्रितशोधकाकडे दिलं. "आपलं लिहिलेलं आपण तपासायचं नसतं," म्हणाले.

संपादक गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांनी अग्रलेखांचा संग्रह काढायचं ठरवलं, आणि बांधीव फायली घेऊन माझ्याकडे आले. कोणते त्यांचे आणि कोणते सहसंपादकांचे, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी तीन आठवडे बसले. त्यांची वाक्यं मला पाठ होती. ते 'परंतु' कधीच लिहायचे नाहीत, 'पण'च लिहायचे, आणि शेवटचं वाक्य नेहमी चार-पाच शब्दांचं असायचं. खात्री असेल तिथे मी पेन्सिलीनं खूण केली.

१९७९ च्या फायलीत त्यांच्या थोरल्या मुलानं आधीच काही खुणा केल्या होत्या. मे महिन्यातल्या नळाच्या अग्रलेखापुढेही त्याची खूण होती. मी ती खोडली नाही.