महडचा वरदविनायक

अष्टविनायकांपैकी दोन स्थाने रायगड जिल्ह्यात आहेत : पालीचा बल्लाळेश्वर आणि खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने चौक ओलांडून पुढे निघाले की, खोपोलीच्या अलीकडे महडचा फाटा लागतो. चवदार तळ्याचे महाड याच जिल्ह्यात असले, तरी ते मुंबई-गोवा महामार्गावर आहे. म्हणून नवख्या भाविकांनी वाहनचालकास ‘खोपोलीजवळचे महड’ असे स्पष्ट सांगावे.

गृत्समद ऋषींनी येथे गणेशाची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे. १६९० मध्ये मूर्ती तळ्यात सापडली आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले, असे सांगितले जाते. येथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत असल्याची ख्याती आहे.

जपानमधील इसे येथील प्राचीन शिंतो देवस्थानात सामान्य भाविकाला मुख्य मंदिरास कुंपणाबाहेरूनच वंदन करावे लागते. महडची परंपरा याच्या नेमकी उलट. येथे भाविकाने गाभाऱ्यात जाऊन स्वहस्ते पूजा करण्याची प्रथा आहे. माघी चतुर्थीला मोठी गर्दी लोटते. निवांत दर्शन हवे असल्यास एरवीच्या दिवशी सकाळी जाणे उत्तम.