लेझरच्या घरातलंच औषध

लग्न ठरायच्या आत चष्मा जावा म्हणून लेझर करून घेणारे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. बहुतेकांचं छान होतं. मोजक्यांच्या बाबतीत मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी नंबर पुन्हा चढायला लागतो; तोही वेडावाकडा, चष्म्याला दाद न देणारा. रात्री रस्त्यावरच्या एका दिव्याचे तीन दिसतात. कॉर्निया पुढे फुगत चाललेला असतो. डॉक्टरी भाषेत एक्टेशिया.

बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा मुळात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. लॅसिक नावाच्या या लेझर-शस्त्रक्रियेत त्याचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा कापून उचलतात आणि खालचा भाग लेझरने झिजवतात, एका नंबरामागे साधारण पंधरा मायक्रॉन. पापुद्रा परत जागेवर ठेवला तरी तो पहिल्यासारखा सांधत नाही. डोळ्यातला दाब सोसायचा तो खाली उरलेल्या भागाने. तो निदान 250 मायक्रॉन राहावा, असा दंडक पडून गेला. पण ज्याचा कॉर्निया मुळातच कच्चा, त्याला तेवढंही पुरत नाही.

डोळ्यावर एक्सायमर लेझर चालवणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांत जर्मनीचे थिओ सायलर होते. 1998 मध्ये त्यांनीच लॅसिकनंतरच्या या फुगवट्याची नोंद जगापुढे ठेवली. त्याच वर्षी त्यांचा आणि ड्रेस्डेन विद्यापीठातल्या एबरहार्ड श्पोअर्ल यांचा दुसरा एक निबंध आला: डुकराचे डोळे घेऊन कॉर्निया कडक कसा करता येईल, याचा. दुखणं आणि औषध दोन्ही एकाच घरातून, एकाच वर्षी बाहेर पडावीत, हे क्वचितच घडतं.

कल्पना सुचली ती म्हणे दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत. दातात भरलेला मऊ लगदा दिव्याच्या उजेडात घट्ट होतो, मग कॉर्निया का नाही? खरं-खोटं सायलरच जाणोत. दुसरा धागा मला जास्त पटतो. मधुमेह्यांत कॉर्निया शंकूसारखा फुगण्याचा आजार, केराटोकोनस, कमी दिसतो असं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. रक्तातली जादा साखर कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधते. परांचीच्या उभ्या बांबूंना आडवे बांबू बांधावेत, तसं. साखरेवाचून हेच करायचं होतं.

त्यासाठी निवड झाली ती रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाची. बीकॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ती याच्यामुळे. डोळा बधिर करून वरची नाजूक त्वचा खरवडायची, अर्धा तास पिवळे थेंब घालत राहायचं, मग आतपर्यंत पिवळं उतरलंय ना ते निळ्या उजेडात पाहायचं. त्यानंतर आणखी अर्धा तास 370 नॅनोमीटरचे अतिनील किरण. त्यांनी रायबोफ्लेविन चेतवलं जातं, ऑक्सिजन उग्र होतो आणि कोलॅजेनमध्ये नवे दुवे जुळतात. शिवाय तेच रायबोफ्लेविन किरण शोषून घेतं, म्हणून एकदा मेल्या की पुन्हा न येणाऱ्या अगदी आतल्या पेशी वाचतात. मात्र पडदा 400 मायक्रॉन तरी हवा. प्रयोगशाळेत माणसाचा कॉर्निया या उपचाराने सुमारे साडेचार पट कडक झालेला आढळला. पुढचे दोन-तीन दिवस दुखतं, आणि चांगलंच दुखतं.

2003 मध्ये ग्रेगोर वोलेनझाक, श्पोअर्ल आणि सायलर यांनी केराटोकोनसच्या 23 डोळ्यांचा अहवाल छापला: सगळ्यांत आजार थांबला होता. लॅसिकनंतरच्या डोळ्यांवर हाच उपाय फरहाद हाफेझी आणि सायलर यांनी 2007 मध्ये मांडला. अमेरिकेने मात्र परवानगी दिली ती 2016 मध्ये, एप्रिलमध्ये केराटोकोनसला आणि जुलैमध्ये लेझरनंतरच्या फुगवट्याला. ‘थांबला’ हा शब्द नीट वाचायला हवा. या उपचाराने गेलेली नजर भरून येईलच असं नाही, चष्माही सुटत नाही. पुढची घसरण अडते. जाहिरातीत ही बाजू बारीक अक्षरात असते.

आता अडचण अशी, की लेझरने आधीच झिजलेले डोळे अनेकदा नेमके 400 मायक्रॉनच्या खाली भरतात. हाफेझींनी पातळ द्रावण वापरून पडदा तेवढ्यापुरता फुगवला. चेन्नईच्या सूसन जेकब यांनी 2014 मध्ये दुसरी वाट सांगितली: किरण न अडवणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स रायबोफ्लेविनमध्ये भिजवायची आणि किरण सोडताना कॉर्नियावर ठेवायची. तिच्या जाडीने हिशेब 400 च्या वर जातो. जी लेन्स नको म्हणून लेझर केलं, तीच त्या अर्ध्या तासापुरती पुन्हा डोळ्यात.